दोन लाल चिंध्या

आमच्या घरात दोर जमिनीवर टाकून ठेवत नसत. ओला असला तर दांडीवर, कोरडा असला तर खुंटीला. चुकून कुणी ओलांडला तर दादा असा बघायचा की ओलांडणाऱ्याला वाटावं, आपण वाढलेलं ताटच ओलांडलं. बाकी घरात शिस्तीचा पत्ता नव्हता. चपला कुठंही, भांडी कुठंही, मीही कुठंही. पण दोर म्हणजे दोर.

आमचं गाव कंधार तालुक्यातलं. चार एकर कोरडवाहू जमीन आणि वडिलांच्या अंगी एक हुन्नर, विहिरीत उतरायचा. गाळ काढायला, पडलेली बादली काढायला, झरा मोकळा करायला त्यांना आसपासच्या दहा गावांतून बोलावणं यायचं. उतरायच्या आधी कंदील सोडायचा. खाली जाऊन तो विझला तर विहिरीत वाईट हवा आहे, त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. पेटता राहिला तर वडील दोराला बांधलेल्या फळीवर बसायचे आणि वरची माणसं दोर सैल सोडत जायची.

बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव विहिरी खोल करायची कामं निघाली आणि वडिलांना श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. अशाच एका विहिरीत कंदील नीट पेटता होता, पण वडिलांनी तळाचा गाळ उकरला आणि खाली दबून बसलेली हवा मोकळी झाली. त्यांनी दोर हलवला. वर चौघं होते, त्यांनी ओढायला सुरुवात केली. अर्ध्यावर दोर एकदम गप्प झाला, म्हणून पुढचा माणूस थांबला आणि आत वाकून म्हणाला, "काय झालं हो?" एवढंच विचारण्यापुरता थांबला. तेवढ्यात वडील फळीवरून घसरले. ते शुद्धीत नव्हते, म्हणून तर दोर गप्प होता.

दादा तेव्हा सतरा वर्षांचा. दोरावर तिसऱ्या नंबरला तोच होता.

त्यानंतर आई म्हणाली, आता आपल्या घरातलं कुणी विहिरीत उतरणार नाही. वर्षभरानं दादा उतरला. शेतात काही पिकत नव्हतं आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण त्यानं दोन नियम केले. एक, दोर परक्याच्या हातात द्यायचा नाही. आणि दुसरा तो मला दर वेळी नव्यानं सांगायचा, जसा काही मी कालच जन्मलोय. "एकदा वढाया लागलास की थांबायचं न्हाई. दोर गप्प झाला तर दुप्पट जोरानं वढायचं. काय इचारायचं ते म्या वर आल्यावर इचार."

शाळा-कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी त्याच्या दोरावर काढल्या. माझ्या डोक्यात त्या वर्षांत काय काय शिरलं नि गेलं, पण हातांनी एवढं एक पक्कं धरलं.

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला आणि नव्या कचेरीत कारकुनांची भरती निघाली. मी लागलो. पहिलं वर्षभर उस्मानाबादहून ट्रक भरभरून कागद येत होते, लाल कापडात करकचून बांधलेले बस्ते. गाठ सोडली की आतले कागद असे फुगून वर यायचे की परत त्या कापडात बसायचे नाहीत. आम्ही ते गावागावांप्रमाणं लावायचो आणि धुळीनं शिंकायचो. दादा एकदा मला भेटायला आला. दारातूनच त्यानं ते टेबल, ती खुर्ची, तो पंखा बघितला आणि आत न येता म्हणाला, "बस बस. उठू नको. मला बसलेलाच बघायचाय." त्या दिवशी त्यानं मला स्टँडजवळ जिलबी खाऊ घातली. मी साहेब झालो असं त्याला वाटत होतं. मलाही थोडंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नवा जिल्हा आणि पाठोपाठ नवा दुष्काळ. आमच्या जिल्ह्यातल्या एका धरणात थोडंसं पाणी उरलं होतं, पण ते भिंतीजवळच्या खोल भागात, सत्तर फूट. तिथला तळाचा दरवाजा उघडला तरच ते खालच्या गावांना मिळणार होतं. दरवाजा उघडत नव्हता. झाडाची खोडं नि गाळ अडकून बसला होता. धरणाचं नाव लिहीत नाही, ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. खाली उतरणारा एक गट मागवला होता, त्यांच्याकडे हवा दाबून नळीनं खाली पाठवायचं यंत्र होतं. पण त्यांचा मुख्य माणूस तापानं फणफणला. पाण्याला न घाबरणारा, दमदार छातीचा कुणी स्थानिक माणूस मिळेल का, अशी विचारणा कचेरीत आली.

मी उठून उभा राहिलो. कुणी मला विचारलंही नव्हतं. म्हणालो, "साहेब, माझा भाऊ आहे."

साहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मला ते आवडलं.

दादानं एकच अट घातली. दोर माझ्या भावाच्या हातात पाहिजे. म्हणून साहेबांनी मला आठ दिवस धरणावर पाठवलं.

त्या गटाचा प्रमुख कोकणातला होता, अर्धं आयुष्य समुद्रात काढलेला. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्यानं आम्हा दोघांना टपरीवर नेलं आणि गोटी सोड्याच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीची गोटी धाडकन दाबली. सोडा फसफसून त्याच्या बाहीवर आला. दुसरीची अंगठ्यानं जराशी दाबली, सोडली, पुन्हा जराशी दाबली. ती शहाण्यासारखी उघडली. "खाली दाबाची हवा श्वासात घेतली की ती रक्तात मुरते," मास्तर म्हणाला. "वर येताना तिला अशी थोडी थोडी सोडायची. एकदम आलात तर अंगात हे असं होतं. ह्याला डिकम्प्रेशन म्हणतात."

दादानं तो शब्द तोंडात दोनदा घोळवला आणि मान हलवली. "मास्तर, नाव लई दांडगं हाय. आम्ही 'निवणं' म्हणू. चहा निवतो तसा माणूस निवत निवत वर येणार. हाव का न्हाई?"

मास्तर हसला. पुढचे चार दिवस सगळेच तो शब्द वापरू लागले. दादा निवायला लागलाय, अजून निवतोय.

मास्तरनं दोराला दोन लाल चिंध्या बांधल्या. पहिली हातात आली की दादा वीस फुटांवर आहे, थांबायचं. दुसरी आली की दहा फुटांवर, तिथं आणखी जास्त, अर्ध्या तासाच्या वर. मी घड्याळ बघायचं, मास्तर भिंतीवरून हात करेल, मगच पुढं ओढायचं. खालून चार झटके आले की काम संपलं, वर घ्यायला लाग. सलग झटके आले की संकट. शाळेतल्या पोरासारखं मी सगळं पाठ म्हणून दाखवलं.

आणि चार दिवस मी सगळं बरोबर केलं. हेही सांगायला पाहिजे, कारण नंतर कुणी विचारलं नाही. रिकाम्या पिंपांवर फळ्या बांधलेल्या तराफ्यावर मी एकटा बसायचो, भिंतीवर यंत्र धडधडत असायचं, आणि पाण्यावर दादाच्या श्वासाचे बुडबुडे येत राहायचे. त्या बुडबुड्यांवरून मी नजर हलवत नसे. चिंधी हातात धरून थांबायचो. घाम फुटायचा. हात ओढायला बघायचे, मी त्यांना धरून ठेवायचो. वर आला की दादा म्हणायचा, "मधी टांगून ठेवतोस की रं, वाळत घातल्यावानी!"

पाचव्या दिवशी दुपारी चार झटके आले. शेवटचं खोड निघालं होतं. भिंतीवर लोकांनी आरडाओरडा केला, खालच्या गावांतली माणसं दोन दिवसांपासून तिथं बसून होती, कुणीतरी गुलाल आणला होता. मास्तर इंजिनियरांकडे वळला. मी ओढत होतो. पहिली चिंधी हातात आली. मी थांबलो.

तेवढ्यात वारा सुटला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि मला बुडबुडे दिसेनात. मी डोळे ताणून बघितलं. दोर माझ्या हातात गप्प होता. एरवी खाली दादा पाय हलवायचा, वर कळायचं. आता काही नाही. नुसता गप्प.

झटका आला नव्हता. एकही नाही. दोर गप्प होता म्हणूनच मी घाबरलो.

मला तो विहिरीत वाकलेला माणूस दिसला, जो मी कधी पाहिलाच नव्हता. आणि हात सुटले. दोन्ही लाल चिंध्या एकामागून एक माझ्या हातातून गेल्या, मला त्या गेलेल्या कळल्या, आणि मी ओढत राहिलो. मास्तर भिंतीवरून थांब थांब म्हणून ओरडत होता. पण एकदा ओढायला लागल्यावर थांबायचं नाही.

दादा वर आला. तोंडावरचा मुखवटा काढून त्यानं माझ्याकडे बघितलं. "काय रं? काय झालं?"

तो ठणठणीत होता. खाली दोराला निवांत लटकून निवत होता. पाय न हलवता, कारण काम संपल्याचा त्यालाही आनंद झाला होता आणि तो दमला होता.

मास्तर धावत शिडीवरून उतरला. त्याच्या मागे इंजिनियर, आणि त्यांच्या मागे आमच्या कचेरीचे साहेब. मास्तरनं मला विचारलं, "झटके आले का? सलग झटके?"

मी म्हणालो, "हो."

एवढा छोटा शब्द. दादा माझ्या शेजारी ओल्या अंगानं उभा होता, त्यानं तो ऐकला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बसून पायातलं ओझं सोडायला लागला. मास्तरनं त्याला विचारलं, "हवा बंद झाली होती?" दादा म्हणाला, "जीव घाबरला जरा."

झटके आले म्हणजे हवेत काहीतरी बिघाड आहे, असं मास्तर समजला. त्यानं यंत्र बंद केलं, नळी हातभर हातभर तपासली, सांधे उघडून बघितले. बिघाड नव्हताच, सापडणार कुठून! या शोधात अर्धा तास गेला. दादा तोवर भिंतीवर बसून चहा प्यायला, कुणीतरी त्याच्या कपाळाला गुलाल लावला. मग म्हणाला, गुडघ्यात कुणी सुया टोचून राहिलंय. मग उठायला गेला आणि उठताच आला नाही.

त्या दिवशी दुष्काळाची पाहणी करायला वरचे मोठे साहेब आले होते, त्यांचं हेलिकॉप्टर जवळच्या माळावर उभं होतं. आमच्या साहेबांनी हात जोडून ते मागितलं आणि मिळालंही. पण तालुक्याच्या डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला आणि तिकडून निरोप आला की याला आकाशात नेऊ नका. जितकं उंच जाल तितकी बाहेरची हवा विरळ, आणि अंगातले बुडबुडे तितकेच आणखी फुगतील. ते हेलिकॉप्टर आमच्या देखत धूळ उडवत रिकामंच गेलं. आम्ही जीपनं निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत पोचलो.

तिथं एक लोखंडी खोली होती, रांजणासारखी गोल. तीत माणसाला ठेवून पुन्हा दाब वाढवतात आणि मग तासन् तास हळूहळू उतरवतात. दादाला बरेच दिवस तीत घालत होते. हात सुधारले. कमरेखालचं काही सुधारलं नाही. तिथल्या एका डॉक्टरांनी व्हरांड्यात मला सहज सांगितलं, त्यांना काय ठाऊक मी कोण ते. म्हणाले, इतक्या लांबून आणलंत, उशीर झाला. तिथंच पहिल्या पाच मिनिटांत त्याला परत पाण्यात उतरवून सावकाश वर घेतलं असतं, तर हा कदाचित चालत असता.

म्हणजे ओढलं ते ओढलंच. ते हातांनी केलं असं एखादा दयाळू माणूस म्हणेल. पण तो "हो" माझ्या तोंडानं म्हटला, शुद्धीवर असताना, साहेब समोर उभे होते म्हणून. मी खरं बोललो असतो तर मास्तर यंत्र तपासत बसला नसता, दादा पाचव्या मिनिटाला पुन्हा पाण्यात असता. मी व्हरांड्यातच खाली बसलो. डॉक्टरांनी मला पाणी आणून दिलं, भाऊ आहे, वाईट वाटणारच, असं म्हणाले.

दादा एकोणतीस वर्षं खाटेवर होता. गावच्या घराच्या ओसरीत, रस्ता दिसेल अशी खाट. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायचा, "म्याच झटके दिले. जीव घाबरला. ह्यानं वढलं म्हणून तरी वर आलो." आणि मी शेजारी बसून चहा प्यायचो. काही वर्षांनी मी स्वतःलाच समजावलं की त्यानं खरंच झटके दिले असतील, मलाच आठवत नसेल. माणूस काय काय समजावतो स्वतःला. दर महिन्याला पहिल्या रविवारी मी लातूरहून एसटीनं जायचो. फळं न्यायचो, औषधं न्यायचो, त्याच्या पोरांच्या शाळेच्या भानगडी निस्तरायचो. लोक म्हणायचे भाऊ असावा तर असा. हे ऐकताना माझे कान तापायचे, पण मी कधी कुणाला अडवलं नाही.

हात शाबूत होते म्हणून दादा दोर वळायचा. अंबाडीचे, घट्ट, एकसारखे. विहिरी कधीच आटल्या होत्या, जो तो बोअर घेत होता, दोर कुणाला हवा होता? निघताना तो मला एखादा देऊन टाकायचा. "ने. लागंल कशाला तरी." लातूरच्या माझ्या घरी माळ्यावर दोरांची रास झाली. बायको म्हणायची, दुकान टाकायचंय का? मी तो एकही वापरला नाही आणि जमिनीवरही ठेवला नाही.

मधे एकदा लेकीनं नांदेडहून हैदराबादला विमानानं नेलं. माझा पहिला आणि शेवटचा प्रवास. दार लावल्यावर एक मुलगी समोर उभी राहून हातवारे करू लागली. केबिनमधला दाब अचानक उतरला तर वरून मास्क खाली येईल, आधी स्वतःचा लावा, मगच शेजारच्याला मदत करा. लेक म्हणाली, "बाबा, डिकम्प्रेशन म्हणतात त्याला, घाबरू नका, होत नाही सहसा." मी घाबरलो नव्हतो. मला त्या मुलीचा राग आला होता. आधी स्वतःचा, असं किती सोपं करून सांगत होती ती, हसऱ्या तोंडानं. मी केलं होतं तसंच. लेकीनं विचारलं, कान दुखतायत का? मी म्हटलं, हो.

दादा गेला तो थंडीच्या दिवसांत, झोपेत, शांतपणे. शेवटच्या रविवारीही मी तिथं होतो. बोलायचं ठरवून गेलो होतो, तसा मी बरेचदा ठरवून जायचो. त्या दिवशी त्याला खोकला होता. म्हटलं, बरा होऊ दे, पुढच्या महिन्यात बघू.

त्याच्यानंतरचा उन्हाळा म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. घागरींच्या रांगा, टँकरभोवती पोलीस. वरून हुकूम आला की मागच्या टंचाईची सगळी जुनी प्रकरणं ताबडतोब पाठवा. ती आधीच स्कॅन करून ठेवली होती. नव्या जिल्ह्याचे ते बस्ते मीच कधी काळी सोडले होते, आता ते कॉम्प्युटरात दाबून, आवळून पुन्हा बांधले गेले होते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेला मी, माझ्या टेबलावरही एक कॉम्प्युटर आला होता, त्याला मी शक्यतो हात लावत नसे. ऑपरेटर मुलीनं फाईल पाठवली आणि सांगितलं, "सर, डिकम्प्रेस करावी लागेल. मी लावून देते. ती पट्टी भरेपर्यंत मात्र काही दाबू नका, मधेच थांबवलं तर खराब होईल."

ती गेली. मी त्या निळ्या पट्टीसमोर बसलो. ती मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले, खरंच घेतले, आणि थांबलो.

उघडलेल्या पानांत धरणाची चौकशी होती. माझा जबाब होता, माझी कोवळी, ऐटबाज सही होती. त्याच्या पुढं दादाचा जबाब. मुंबईला दवाखान्यात घेतलेला. तो मी कधी पाहिला नव्हता. खाली अंगठा नव्हे, सही, कारण सही मीच त्याला शिकवली होती.

लिहिणाऱ्यानं सरकारी भाषेत उतरवलं होतं, तरी मला दादाच ऐकू आला. प्रश्न, झटके कोणत्या हाताने दिले. उत्तर, उजव्या. प्रश्न, उजव्या हातात पहार होती असे आपण वर सांगितले. उत्तर, मग डाव्या. प्रश्न, डाव्या हाताने साखळी धरली होती असेही सांगितले. उत्तर, मला आता आठवत नाही, पण झटके मीच दिले. आणि शेवटी, आणखी काही सांगायचे आहे काय. उत्तर, माझ्या भावाची नोकरी नवी आहे, दोरावर कोण होते ते कागदावर घेऊ नये, ही विनंती.

मी ते पान बंद केलं. पुन्हा उघडलं. ऑपरेटर मुलगी येऊन म्हणाली, "सर, उघडली का नीट?" मी म्हटलं, उघडली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कंधारची एसटी धरली. रविवार नव्हता, म्हणून वहिनी मला बघून दचकल्या. ओसरीतली खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. वहिनी तिच्या सावलीत बसून तूर निवडत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला की माझं नेहमीचं झालं असतं.

"वहिनी, त्या दिवशी झटके आले नव्हते. मी आपल्या मनानं ओढलं. आणि मास्तरला खोटं सांगितलं."

त्यांनी सुपावरची नजर काढली नाही. "ठावं हाय."

"दादानं सांगितलं?"

"मुंबईलाच. पैल्या आठवड्यात. म्हणले, त्याला म्हणू नको तुला कळलंय म्हणून. त्यानं आपून सांगितलं तर त्याचं मन हलकं व्हईल. आपण म्हणलं तर चोर पकडल्यावानी व्हईल."

मी तेव्हा खाली बसलो.

"म्या लई भांडले त्यांच्यासंगं," वहिनी म्हणाल्या. "माझं काय जात नव्हतं का? माझं तर सगळंच गेलं. तुम्ही यायचे, फळं ठिवायचे, लोक तुमचं कौतिक करायचे, आन् म्या चूल फुकत ऐकायचे. तुमचं तोंड बघू वाटायचं न्हाई मला, भावजी. आज खरं सांगून राहिले."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"पर ते आयकायचे न्हाईत. पैला रविवार आला की सकाळपासून रस्त्याकडं बघत बसायचे. एसटी वाजली की म्हणायचे, आज सांगंल बघ. तुम्ही चहा पिऊन गेले की गप व्हायचे, मग दोर वळायला घ्यायचे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "शेवटच्या बारीला तर म्या म्हणले, आता तरी तुम्हीच इचारा, किती वर्सं झाली. तर मलाच रागावले."

"काय म्हणाला?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. माझ्याकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"म्हणले, मधीच वढू नको त्याला. लई खोल गेलाय तो. निवत निवत येऊ दे वर."